कृतीतला कर्ता

डांगेसरांनी आयुष्यात वेळेवर उत्तर दिले नाही असे पत्र एकच. एरवी ते पत्राला पत्र लिहिणारे गृहस्थ. लग्नाला जाणे होणार नसले तर दोन ओळींचे कार्ड तरी टाकायचेच. पण जयमाला त्रिभुवनचे निळे अंतर्देशीय पत्र आषाढात आले आणि श्रावण लागला तरी त्यांच्या टेबलावरच्या जाड शब्दकोशात तसेच पडून होते. रोज शाळेतून आल्यावर सर शब्दकोश उघडायचे, पत्र वाचायचे आणि पुन्हा पाने मिटून ठेवायचे. शब्दकोशात हवा तो शब्द सापडत नसावा तसे त्यांचे झाले होते.

गोरक्षनाथ डांगे तालुक्याच्या गावातल्या एका जुन्या हायस्कुलात विज्ञान शिकवत. निवृत्तीला वर्ष उरले होते. स्वभाव भिडस्त. चारचौघांत बोलताना मान खाली आणि आवाजही खाली. पुस्तकांत रमायचे, आणि स्वतःविषयी कायम शंका बाळगायचे. अशा माणसाला जयमालाने साधा सरळ प्रश्न विचारला होता. पत्र असे होते:

"आदरणीय सर, सविनय नमस्कार. मी दहावी ब, १९८६ ची. आता कोपरगाव तालुक्यात आमच्याच गावच्या शाळेत हंगामी शिक्षिका आहे. आमच्या वस्तीला पिण्यासाठी एकच बोअर आहे. पाणी खारे. चहा नासतो, डाळ शिजत नाही, लहान मुलांची पोटे बिघडतात. गावात टाकीचे गोडे पाणी आहे, पण टाकीची पाइपलाइन वस्तीच्या अलीकडे दोनशे पावलांवर थांबली आहे. पुढे आणा म्हटले की सांगतात, बोअरचे पाणी पिण्यायोग्य असल्याची नोंद आहे. पंचायत समितीचे साहेब म्हणाले, काही आधार दाखवा, मग नमुना नगरला तपासायला पाठवू. म्हणून पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत टाकीचे आणि बोअरचे पाणी दोन परीक्षानळ्यांत घेऊन, त्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकून सगळ्यांना फरक दाखवायचे मी ठरवले आहे; खारे पाणी त्याने पांढरे होते. प्रयोग तुम्हीच शिकवलेला.

"त्यासाठी मागच्या महिन्यात मी आपल्या शाळेतून ऊर्ध्वपातित पाण्याचा कॅन नेला. तुम्ही त्या दिवशी रजेवर होता. भाऊ म्हणत होता, गॅरेजमधून बॅटरीचे पाणी आण, तेही ऊर्ध्वपातितच असते. मी म्हटले, आपल्या शाळेचे असताना गॅरेजचे कशाला? पण सर, त्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट विरघळवले, तर बोअरचे पाणी घालायच्या आधीच द्रावण दुधासारखे झाले. आता दोष पाण्यात की रसायनात, हे मला कळेना. रसायन मी पदरच्या पैशाने घेतले, ते एका वेळेपुरतेच उरले आहे. ते पाणी कुठले होते, कसे तयार केले होते, एवढे मला लेखी कळवावे. तुम्ही म्हणायचा, कृती अशी लिहा की वाचणाऱ्याला ती जशीच्या तशी करता आली पाहिजे. मला माझी कृती खरी लिहायची आहे."

सरांना उत्तर ठाऊक होते. तेच तर दुखणे होते.

जयमाला शाळेत होती तेव्हा प्रयोगशाळेत ऊर्ध्वपातनाचे यंत्र चालू होते. पाणी उकळायचे, वाफ थंड व्हायची आणि थेंब थेंब शुद्ध पाणी जारमध्ये पडायचे. एकोणनव्वद साली यंत्राची कॉइल जळाली. सरांनी अर्ज केला, तो शेरा मारून परत आला. दुसऱ्या अर्जाचे काय झाले ते कळले नाही. तिसरा अर्ज न्यायला सरांना संकोच वाटला. त्यांनी प्रयोगशाळेतल्या शिपायाला, भीमराज पगारेला सांगितले, "तात्पुरतं बोअरच्या नळाचं भर." भीमराजने जारच्या तोंडाला फडके बांधून, वर तुरटी फिरवून पाणी भरले. जारवरचे लेबल मात्र सरांच्याच वळणदार अक्षरातले राहिले: ऊर्ध्वपातित पाणी. ते तात्पुरते सहा वर्षे चालले.

आणि त्या सहा वर्षांत दहावीच्या प्रत्येक प्रयोगवहीत, 'कृती' या मथळ्याखाली, मुले लिहीत राहिली: 'परीक्षानळी ऊर्ध्वपातित पाण्याने धुण्यात आली.' सर खाली सही करीत राहिले.

उत्तराचे कच्चे मसुदे त्यांनी चार केले होते. पहिल्यात लिहिले, 'सदर पाणी शाळेमार्फत पुरवण्यात आले असून...' दुसऱ्यात, 'सदर पाण्याबाबत काही त्रुटी राहून गेली असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' तिसरा व चौथाही त्याच जातीचा. वाचायला शुद्ध, व्याकरणात बिनचूक, आणि जयमालाच्या काडीच्याही उपयोगाचा नाही. चारही त्यांनी फाडून टाकले.

त्या गुरुवारी दहावीचे प्रात्यक्षिक होते. प्रयोग क्षार ओळखण्याचाच. मुलांनी क्षाराच्या आणि नुसत्या पाण्याच्या नळ्यांत दोन दोन थेंब टाकले, नळ्या पांढऱ्या झाल्या न झाल्या, की सगळी वह्यांवर वाकली. वर्गात एक 'आदर्श वही' फिरत होती. फार वर्षांपूर्वी बोर्डात चमकलेल्या कुण्या विद्यार्थ्याची वही, झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स. तिच्यात प्रयोगशाळेचे तापमान २७ अंश लिहिलेले होते, म्हणून शाळेत जून असो की जानेवारी, सगळ्यांच्या वह्यांत तापमान २७. त्या वहीत 'अनुमान' हा शब्द चुकून 'अनूमान' असा पडला होता, आणि तोही वर्षानुवर्षे तसाच उतरत आला होता.

पुढच्या बाकावरची मोनिका पेन तोंडात धरून विचार करीत होती. "सर, कृतीत काय लिहू? मी नळी तर नळाखाली धुतली."

मागून कोणीतरी म्हणाले, "अगं, वहीत आहे तेच लिही ना. परीक्षक काय नळी हुंगणारेत?"

वर्ग हसला. सर सवयीने म्हणाले, "ऊर्ध्वपातित पाण्याने धुण्यात आली, असं लिहा." आणि म्हणता म्हणता त्यांची नजर जारवरच्या लेबलाकडे गेली.

मुले गेली. भीमराज नळ्या धुऊन स्टँडवर उपड्या ठेवत होता. पन्नाशीचा, सडसडीत, खाकी सदऱ्याच्या खिशाला शाईचा डाग. बावीस वर्षांत त्याने प्रयोगशाळेतली एकही बाटली फुटू दिली नव्हती.

"सर, ते काय म्हनलात तुमी? धुन्यात आली?"

"हं. शास्त्रात तसं लिहितात."

"कोनी धुतली?"

"तसं लिहायचं नसतं रे. फक्त क्रिया लिहायची."

"म्हंजी पानी घेन्यात आलं," भीमराज हात पुसत म्हणाला. "पन आलं कुठून, ते लिवत न्हाई तुमी."

तो थट्टेने बोलला होता, पण सर स्टूल ओढून त्याच्यासमोर बसले. त्या सकाळी शब्दकोशातून काढून पिशवीत टाकलेले निळे पत्र त्यांनी बाहेर काढले. पंधरवडाभर ज्या पत्राने त्यांना छळले होते, ते त्यांनी भीमराजच्या हातात दिले.

भीमराजने चष्मा लावला. ओठ हलवत, एकेक ओळ वाचली. एका ठिकाणी थांबून तो मागे गेला, पुन्हा वाचले.

"हा कॅन मी भरून दिला तिला," तो हळू आवाजात म्हणाला. "ह्याच हातानं. पोरीनं इचारलं हुतं, मामा, डिस्टिल हाय ना? मी म्हनलं, जारवर लिवलंय की. तिला काय ठाव? तिच्या येळंला हुतं खरंच डिस्टिल." मग त्याने पत्राच्या कडेची तारीख पाहिली. "सर, पत्र येऊन किती दिस झाले?"

"पंधरा."

"पंधरा दिस तुमी हे दप्तरात घिऊन फिरताय?"

"घरी होतं. शब्दकोशात."

"मग काय, लई चांगल्या जागी हुतं." भीमराजचा आवाज चढला नाही, पण सरांना तो कानशिलावर बसल्यासारखा लागला. "तकडं वस्तीवर बाया रोज त्येच पानी भरत्यात. पंधरा ऑगस्टला बारा दिस ऱ्हायले. पोरगी उगं बसली न्हाई, तिनं स्वतःच्या खिशातून बाटली आनली, परयोग केला, आन तो आपल्या पान्यानं नासला. तिला वाटतंय तिचंच कायतरी चुकलं."

"मला कळतंय रे भीमराज. पण कसं लिहू? सहा वर्षं मी सह्या केल्यात. उद्या कोणी ते पत्र दाखवलं, चौकशी लागली, तर पहिला तू अडकशील. भरलंस तू."

"मग लिवा ना तसं."

"काय?"

"भीमराज पगारेनं भरलं, असं लिवा. माझं नाव घाला." तो स्टँडवरची नळी सरळ करीत म्हणाला. "सर, बावीस वर्सं मी हितं समदी द्रावनं करतो. पोरांच्या वह्या मीच गोळा करून तुमच्या टेबलावर ठिवतो. येखांद्या येळी चाळतो. त्यात लिवलेलं असतंय, द्रावन तयार करन्यात आलं. नळ्या मांडन्यात आल्या. मला वाटायचं, बरंय, आपुन कुठंच न्हाई. चुकलं तरी आपलं नाव न्हाई. पन मग बरं झालं तरी बी न्हाई की! गावात पाइपलाइन थांबली ती बी तशीच थांबलीय बगा. थांबवन्यात आली. कोनी थांबवली, इचारा. कुनाचंच नाव सापडायचं न्हाई."

बाहेर व्हरांड्यात शाळा सुटल्याची घंटा झाली. व्याकरणाची इतकी पुस्तके त्यांनी वाचली होती, कर्तरी आणि कर्मणी प्रयोगांवर एकदा मराठीच्या मास्तरांशी वादही घातला होता; पण कर्ता वाक्यातून काढला की तो माणसाच्या अंगावरूनही उतरतो, हे त्यांना आज एका शिपायाने सांगितले.

"चल," ते उठले. "आधी तपासून बघू. अंदाजानं लिहायचं नाही."

कोपरगावच्या रस्त्याला छगनचे गॅरेज होते. सर तिथे कधी गेले नव्हते. त्यांच्याकडे सायकलच होती. छगन एका टेम्पोखालून बाहेर आला.

"या या सर. काय बिघडलं?"

"बॅटरीचं पाणी हवंय. एक बाटली."

"तुमच्या सायकलीला ब्याटरी कवा बसली?"

"आमच्या शाळंला बसवायचीय," भीमराज म्हणाला. "लई वर्सं झाली, डाऊन हाय."

छगन हसला आणि त्याने सीलबंद बाटली काढून दिली.

परत येऊन सरांनी कुलपातल्या कपाटातून सिल्व्हर नायट्रेटची तपकिरी बाटली काढली. दोन नळ्या घेतल्या. दोन्ही आधी बॅटरीच्या पाण्याने तीन तीन वेळा विसळल्या. भीमराज पुढे आला, तसे सर म्हणाले, "थांब, मला धुऊ दे." एकीत जारमधले पाणी ओतले, दुसरीत बॅटरीचे. दोन्हींत तीन तीन थेंब टाकले. बॅटरीच्या पाण्याची नळी होती तशीच राहिली, आरपार दिसणारी. जारच्या पाण्याची नळी क्षणात ताकासारखी झाली.

"बगा," भीमराज म्हणाला. "आपलंच."

"आपलंच," सर म्हणाले. कितीतरी वर्षांनी त्यांनी एखादा प्रयोग आधी उत्तर न ठरवता केला होता, आणि लाज वाटत असतानाही त्यांना आतून हलके वाटले. त्यांनी जारवरचे लेबल पाण्याने भिजवले, नखाने खरवडून काढले आणि नवे चिकटवले: बोअरचे पाणी.

दुसऱ्या दिवशी ते हेडमास्तरांच्या खोलीत गेले. हेडमास्तर माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांना कागदाची भीती वाटे. सर्व ऐकून घेऊन ते म्हणाले, "सर, पोरीला मदत करा, माझं काही म्हणणं नाही. पण तोंडी सांगा. निरोप पाठवा. शाळेचं नाव घालून, सही करून, लेखी कशाला? वर्षभरात तुम्ही निवृत्त होताय."

"तिला लेखी हवंय, सर. ग्रामसभेत कोणी विचारलं की पहिलं द्रावण का नासलं, तर तिच्याजवळ कागद नको? नाहीतर म्हणतील, हिला प्रयोगच येत नाही." सरांचा आवाज नेहमीसारखा खालीच होता, पण मान वर होती. "आणि हा यंत्राच्या दुरुस्तीचा अर्ज. तिसरा. ह्याच्यावर आपली पोहोच हवीय मला."

हेडमास्तरांनी अर्जावर सही केली. पत्राकडे न बघता म्हणाले, "ते मी वाचलं नाही. माझ्या निदर्शनास आणून देण्यात आलेलं नाही, असं समजा."

डांगेसर बाहेर आले आणि व्हरांड्यात एकटेच हसले.

त्याच तासाला त्यांनी दहावीच्या वर्गात दोन्ही नळ्या करून दाखवल्या. सहा वर्षे काय चालले होते आणि त्याने जयमालाचा प्रयोग कसा नासला, तेही सांगितले. मग म्हणाले, "कालची कृती पुन्हा लिहा. तुम्ही स्वतः जे केलं ते."

"मग काल पांढरा साका दोन्ही नळ्यांत आला असं लिहू?" मोनिकाने विचारले. "उत्तर चुकेल की सर."

"उत्तर चुकलं तरी चालेल. कृती खोटी नको. कृती खरी असली की चूक कुठं झाली ते शोधता येतं. खोट्या कृतीतून काहीच शोधता येत नाही. जयमालाला शोधता आलं नाही, मोनिका."

मुलांच्या वह्या संध्याकाळी आल्या. कुणी लिहिले होते, 'मी नळी नळाखाली धुतली.' कुणी, 'थेंब मोजायला विसरलो, अंदाजे पाच.' एकाने तापमानाच्या जागी लिहिले होते, 'तापमापी फुटलेली आहे, पण उकडत होते.' सरांनी त्यालाही पूर्ण गुण दिले.

मग दिव्याखाली नव्हे, प्रयोगशाळेच्याच ओट्यावर, भीमराजला समोर बसवून, त्यांनी पत्र लिहिले. या वेळी मसुदा करावा लागला नाही.

"चि. जयमाला, तुझे रसायन चांगले आहे. दोष पाण्यात होता. आपल्या शाळेतील ऊर्ध्वपातनाचे यंत्र १९८९ पासून बंद आहे. तेव्हापासून मी जारमध्ये बोअरच्या नळाचे पाणी भरायला सांगितले. माझ्या सांगण्यावरून श्री. भीमराज पगारे यांनी ते भरले. जारवरचे खोटे लेबल मी काढले नाही. तुला दिलेला कॅन त्याच पाण्याचा होता. काल मी स्वतः तपासणी केली, तिची कृती खाली देत आहे..."

खाली त्यांनी सगळे लिहिले. कोणती नळी, किती वेळा विसळली, किती थेंब, काय दिसले. बॅटरीचे पाणी कुठल्या गॅरेजातून आणले तेही. शेवटी लिहिले: "तू पंधरा दिवस वाट पाहिलीस. उत्तर मला पहिल्या दिवशी माहीत होते. मी घाबरलो. मला क्षमा कर. तेरा तारखेला, रविवारी, भीमराज मामा बॅटरीच्या पाण्याच्या दोन सीलबंद बाटल्या घेऊन एस.टी.ने येत आहेत. आधी एक थेंब टाकून त्याही तपासून घे. माझ्या शब्दावर विसंबू नकोस."

पत्र ऐकून भीमराज म्हणाला, "माझ्या नावामागं श्री. लावलं व्हय?"

"लावलं."

"ऱ्हाऊ द्या मग," तो म्हणाला आणि दुसरीकडे बघू लागला.

वाचकहो, आपल्या घरांत, कचेऱ्यांत, शाळांत अशा वह्या किती असतील, याचा विचार करा. 'काम करण्यात आले', 'पाहणी करण्यात आली', 'पाणी पिण्यायोग्य असल्याचे आढळून आले'. आपण त्यांखाली सह्या करतो, कारण मागच्याने केलेली असते. खोटे बोलायचे कोणाच्या मनातही नसते. आपण फक्त वाक्यातून आपले नाव काढून घेतो, आणि त्या रिकाम्या जागेतून कुणाच्या तरी घागरीत खारे पाणी जाते. तेव्हा एवढेच करू या: जे केले ते लिहू, जे केले नाही ते लिहू नये, आणि 'कोणी केले' या प्रश्नाला घाबरू नये. मुलांना हे पहिल्या प्रयोगवहीपासून शिकवू या. वस्तीची पाइपलाइन दोनशे पावले पुढे जाईल की नाही, हे ग्रामसभा ठरवील. पण जयमालाच्या हातात आता एक खरा कागद असणार होता, आणि तो हातात असलेल्या माणसाला गप्प बसवणे सोपे नसते.

शनिवारी सकाळी, शाळेच्या आधी, डांगेसर पोस्टात गेले.

"साधं की रजिस्टर?" खिडकीमागच्या बाईंनी विचारले.

"रजिस्टर."

बाईंनी पाकीट उलटून पाहिले. "मागं पाठवणाऱ्याचं नाव नाही. कोण पाठवतंय, शाळा की तुम्ही?"

"मी," सर म्हणाले. त्यांनी पेन काढले आणि ठळक, वळणदार अक्षरात लिहिले: गोरक्षनाथ डांगे, विज्ञान शिक्षक.

बाईंनी तिकिटावर शिक्का मारला आणि पाकीट थैलीत टाकले. पत्र गेले. नव्हे, डांगेसरांनी ते पाठवले.